दात काढल्यानंतरची वेदनाशामक पट्टी : उपयोग किती, धोका कुठे?

सोलापूर : दात काढून झाल्यावर दंतवैद्याच्या चिठ्ठीत वेदनाशामक गोळ्या असणार, हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. त्या गोळ्यांऐवजी किंवा त्यांच्या जोडीला दंडावर चिकटवायची एक पातळ पट्टी लिहून दिलेली दिसली, की मात्र रुग्ण बुचकळ्यात पडतो. दाढ तोंडातली आणि औषध दंडावर, हा प्रकार काय, असा प्रश्न त्याला पडतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वेळेवर न मिळाल्याने काहीजण पट्टी गालावरच चिकटवतात, तर काहीजण पट्टी लावूनही कळ थांबत नाही म्हणून घरातल्या डब्यातली जुनी गोळी शोधून घेतात. पहिल्या चुकीत फार तर पैसे वाया जातात. दुसरी चूक जठराला आणि मूत्रपिंडाला महागात पडू शकते.

या पट्ट्यांमध्ये बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक हे औषध असते. ते मुळीच नवे नाही. सिबा-गायगी या स्विस कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेले हे औषध १९७४ मध्ये प्रथम जपानच्या बाजारात आले. गोळी, इंजेक्शन आणि मलम या तिन्ही रूपांत ते भारतातही घरोघरी पोहोचले आहे. जखम झालेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार करते. त्यांच्यामुळे सूज येते आणि मज्जातंतूंची टोके हळवी होऊन ठणका लागतो. ॲस्पिरिनसारखी औषधे ही रसायने तयार होण्यालाच आळा घालतात, असे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. डायक्लोफेनॅकचे काम याच पद्धतीने चालते. अडचण अशी, की हीच रसायने जठराच्या आतल्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही राखतात. वेदना थांबवताना या दोन्ही कामांत खंड पडतो. गोळी घेतल्यावर पोटात होणारी जळजळ हा त्याचाच परिणाम होय.

गोळीचा आणखी एक तोटा आहे. पोटातून शोषलेले डायक्लोफेनॅक प्रथम यकृतात जाते आणि तेथेच त्याचा जवळजवळ अर्धा भाग निकामी होतो. उरलेले औषधही एक-दोन तासांत निम्म्यावर येते, म्हणून गोळी दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. औषध कातडीतून थेंबाथेंबाने रक्तात सोडले, तर जठराशी थेट संबंध येणार नाही आणि रक्तातली पातळीही एकसारखी राहील, हा पट्टीमागचा विचार आहे.

कातडीतून औषध

आपल्याकडे लेप, पोटीस आणि कंबरदुखीवरचे प्लास्टर यांची परंपरा जुनी आहे. पण ते उपाय जेथे दुखते तेथेच लावायचे असतात. कातडीवाटे औषध रक्तात पोहोचवून दूरच्या अवयवावर परिणाम घडवायचा, ही कल्पना मात्र अलीकडची. प्रवासात होणाऱ्या मळमळीवरील स्कोपोलामिनची पट्टी कानामागे लावली जाते. तिला अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळाली आणि या प्रकारच्या पट्ट्यांचे युग सुरू झाले.

कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते, पण तो विटा-चुन्याच्या भिंतीसारखा अभेद्य असतो. या भिंतीतून फक्त लहान आणि स्निग्ध पदार्थांत विरघळणारे रेणू जाऊ शकतात. रेणूभार पाचशेच्या आत असावा, असा औषधनिर्मात्यांचा ढोबळ नियम आहे. डायक्लोफेनॅकचा रेणूभार तीनशेच्या किंचित खाली असल्याने ते या कसोटीला उतरते. तरीही ही वाट अरुंदच राहते. पट्टीवर १०० किंवा २०० मिलिग्रॅम असे छापलेले असले, तरी तेवढे सगळे औषध अंगात जाते असे नव्हे. त्यातला बराचसा भाग पट्टी काढून टाकतानाही तिच्यातच असतो. म्हणून पट्टीवरचा आकडा आणि गोळीवरचा आकडा यांची तुलना करून ‘पट्टी जास्त कडक’ असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

वेळेचे गणित

पट्टीचा खरा प्रश्न वेळेचा आहे. दात काढताना दिलेल्या इंजेक्शनने आलेली ओठ-जिभेची बधिरता तीन ते पाच तासांत उतरते. त्यानंतर ठणका सुरू होतो आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा-आठ तासांतच तो बहुधा सर्वाधिक असतो. त्यापुढे वेदना ओसरू लागते. सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढत राहते. अक्कलदाढ हाड कोरून काढावी लागली असेल, तर हे सारे अधिक तीव्र असते.

आता पट्टीकडे पाहू. अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळालेल्या डायक्लोफेनॅकच्या पट्टीच्या अधिकृत माहितीनुसार, दंडाच्या आतल्या बाजूस पट्टी लावल्यावर रक्तातली औषधाची पातळी सर्वोच्च बिंदूला पोहोचण्यास १० ते २० तास लागतात. भारतात मिळणाऱ्या पट्ट्यांची बांधणी वेगळी आहे. त्या चोवीस तासांसाठी लावल्या जातात. पण सावकाश चढण्याचा गुण सर्वच पट्ट्यांत आहे. म्हणजे दात काढून घरी आल्यावर आणि कळ सुरू झाल्यावर पट्टी लावली, तर ती कामाला लागेपर्यंत सर्वांत वाईट तास उलटून गेलेले असतात. रुग्णाला वाटते पट्टी खोटी. वस्तुतः ती उशिरा लावलेली असते.

सोलापुरात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. केगाव येथील पंडित दीनदयाळ उपाध्याय दंत महाविद्यालय असो, सिव्हिल हॉस्पिटल असो वा रेल्वे लाइन्स परिसरातले खासगी दवाखाने असोत, येथे येणारा रुग्ण शहरातलाच असेल असे नाही. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, शिवाय सीमेपलीकडील इंडी आणि अफझलपूर भागांतूनही लोक उपचारासाठी सोलापूर गाठतात. दात काढून, तोंडात कापसाचा बोळा धरून हा रुग्ण एसटीत बसतो. बधिरता उतरते ती वाटेतच. अशा रुग्णाला पट्टी द्यायची असेल, तर ती दवाखान्यातच, शक्यतो दात काढण्यापूर्वी लावलेली बरी. पहिल्या काही तासांपुरती तोंडाने घ्यायची गोळी कोणती, हेही दंतवैद्याने स्वतः सांगायला हवे. ही व्यवस्था न करता नुसती पट्टीच हाती देणे म्हणजे रुग्णाला पहिली रात्र तळमळत काढायला लावणे होय.

चाचण्या काय सांगतात?

दात काढल्यानंतरच्या वेदनेसाठी पट्टी वापरून पाहण्याचे काम भारतीय दंत महाविद्यालयांनी बऱ्याच प्रमाणात केले आहे. २०१० च्या सुमारापासून असे अभ्यास प्रसिद्ध होत आले आहेत. त्यांतल्या अनेकांची रचना सोपी आणि कल्पक आहे. दात सरळ करण्यासाठी तारा बसवण्यापूर्वी काही तरुण रुग्णांच्या दोन्ही बाजूंच्या उपदाढा काढाव्या लागतात. एका बाजूच्या उपदाढा काढल्यावर गोळ्या द्यायच्या, काही दिवसांनी दुसऱ्या बाजूच्या काढल्यावर पट्टी द्यायची आणि त्याच रुग्णाला दोन्ही अनुभवांना गुण द्यायला सांगायचे. माणूस तोच असल्याने वेदना सोसण्याच्या शक्तीतला फरक आड येत नाही.

या अभ्यासांचा सर्वसाधारण सूर असा, की सौम्य ते मध्यम वेदनेत पट्टी गोळीच्या जवळपास पोहोचते आणि पोटाच्या तक्रारी कमी राहतात. पहिल्या काही तासांत मात्र गोळी सरस ठरते. पण हे अभ्यास लहान आहेत. शिवाय आपल्या दंडावर पट्टी आहे हे रुग्णाला दिसत असते. नव्या उपचाराचे कौतुक गुणांत उतरण्याची शक्यता त्यामुळे राहते.

आणखी एक कोडे आहे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन पट्टीच्या बाबतीत रक्तात पोहोचणारे औषध गोळीच्या तुलनेत एक टक्क्याहूनही कमी भरते. मुरगळणे आणि मुका मार यांसाठी, दुखऱ्या जागीच लावण्याकरिता तिला मान्यता आहे. तेथे औषध कातडीखालच्या स्नायूंत थेट झिरपत असल्याने ते पुरेसे होते. दंडावरून जबड्यापर्यंत पोहोचायला मात्र रक्ताशिवाय दुसरा मार्ग नाही. मग इतक्या अल्प औषधाने दाढेची वेदना किती शमणार? निराळ्या बांधणीच्या भारतीय पट्ट्यांतून अधिक औषध जात असेल, साध्या उपदाढेची वेदना तिसऱ्या दिवशी तशीही ओसरत असेल, किंवा दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. तूर्त पट्टीला गोळीची बदली न मानता काही रुग्णांसाठीचा पर्याय मानणे शहाणपणाचे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही दात काढल्यानंतर प्रथम पसंती आयबुप्रोफेनसारख्या दाहशामक गोळीला, एकटीने वा पॅरासिटामॉलच्या जोडीने, दिलेली आहे.

मग पट्टी कोणासाठी? ज्यांना गोळी गिळणे अवघड आहे, गोळीने ज्यांना मळमळते वा पोटात जळजळते आणि ज्यांचा दात फारशी झटापट न होता निघाला आहे, अशांना तिचा उपयोग आहे. जठराच्या जखमेतून पूर्वी रक्तस्राव झालेल्यांनी मात्र ‘पट्टी पोटात जात नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये. जठराचे अस्तर दुबळे करण्याचे काम औषध रक्तातूनही करते.

एकच औषध, दोन वाटांनी

दात काढल्यावर आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या एका संयुक्त गोळीत डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सूज उतरवण्यासाठीचे सेराटिओपेप्टिडेस अशी तीन औषधे असतात. वेष्टनावरचे नाव कंपनीचे, त्यामुळे आत डायक्लोफेनॅक आहे हे रुग्णाच्या ध्यानात येत नाही. पट्टीवर दुसऱ्याच कंपनीचे दुसरेच नाव. परिणामी एकच औषध दोन वाटांनी अंगात जाते. ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि दंतवैद्यांच्या आवडीचे केटोरोलॅक हीदेखील त्याच घराण्यातली. पट्टी असताना यांतले काहीही आपल्या मनाने घेऊ नये. कळ आवरत नसेल तर प्रौढांना पॅरासिटामॉलचा आधार घेता येतो, कारण त्याची कार्यपद्धती वेगळी आहे. पण त्याचीही दिवसाची मर्यादा डॉक्टरांकडून विचारून घ्यावी, विशेषतः मद्यपान करणाऱ्यांनी आणि यकृताचा विकार असणाऱ्यांनी.

मूत्रपिंडाचा मुद्दा सोलापूरकरांनी तरी हलक्यात घेऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळीस अंशांपुढे राहतो. यंत्रमागाच्या पत्र्याखाली दिवसभर घाम गाळणाऱ्या कामगाराच्या अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते. त्यात दात काढल्यामुळे खाणेपिणे सुटते. कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनच्याच आधारावर टिकून असतो, आणि नेमका तोच आधार ही औषधे काढून घेतात. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मृत शरीर खाऊन देशातली गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली आणि २००६ मध्ये सरकारला हे औषध जनावरांसाठी बनवण्यावर बंदी घालावी लागली, हे अनेकांना आठवत असेल. माणसाचे शरीर गिधाडापेक्षा हे औषध कितीतरी चांगले पचवते, त्यामुळे ती तुलना ताणू नये. पण मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पट्टीबाबतही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. हृदयरुग्णांसाठी पोटातून वा इंजेक्शनने घ्यायच्या डायक्लोफेनॅकवर युरोपात २०१३ मध्ये कडक निर्बंध आले आहेत. ॲस्पिरिनने दमा उसळणारे, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि गर्भवती स्त्रिया यांनी दात काढण्यापूर्वीच दंतवैद्याला तसे सांगावे.

उन्हाचा आणखी एक संबंध आहे. कातडी तापली की तिच्याखालचा रक्तप्रवाह वाढतो आणि पट्टीतून औषध जास्त वेगाने शोषले जाते. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवणे म्हणूनच चुकीचे. दुसरीकडे, घामाने पट्टीची कड सुटली की औषध नीट जात नाही. केटोप्रोफेन या दुसऱ्या औषधाच्याही पट्ट्या मिळतात. ते औषध लावलेल्या कातडीवर ऊन पडल्यास तीव्र पुरळ आणि फोड येऊ शकतात. पट्टी असेपर्यंत आणि काढल्यावरही दोन आठवडे ती जागा उन्हापासून झाकून ठेवावी, असे युरोपीय औषध संस्थेने २०१० मधील फेरतपासणीत बजावले होते. दुचाकीवरून अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरणाऱ्यांनी ही पट्टी दंडाऐवजी कपड्याखालच्या जागी लावण्याबद्दल विचारून घ्यावे.

सर्वांत गंभीर गल्लत मात्र निराळीच आहे. ‘वेदनेची पट्टी’ या एकाच नावाखाली फेंटॅनिलची पट्टीही येते. फेंटॅनिल हे मॉर्फिनहून पन्नास ते शंभर पट प्रभावी अफूवर्गीय औषध आहे. कर्करोगासारख्या दीर्घ वेदनेत, अशा औषधांची शरीराला आधीच सवय झालेल्या रुग्णांसाठीच ही पट्टी असते. सवय नसलेल्या माणसाने ती लावल्यास श्वास मंदावत जाऊन मृत्यू ओढवू शकतो. असे मृत्यू घडल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ आणि पुन्हा २००७ मध्ये जाहीर इशारे दिले. शस्त्रक्रियेनंतरच्या वा अचानक उद्भवलेल्या अल्पकाळच्या वेदनेसाठी ती वर्ज्य आहे, आणि दात काढणे त्यातच मोडते. भारतात फेंटॅनिल अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. तरीही घरात कर्करोगाचा रुग्ण असेल, तर कपाटात अशी पट्टी उरलेली असू शकते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयामुळे या आजाराचे उपचार जिल्ह्याला परके नाहीत. अशा घरांत एकाची पट्टी दुसऱ्याने दातासाठी लावण्याचा विचारही करू नये.

तिसऱ्या दिवशी कळ वाढली तर

दात काढलेल्या खळग्यात रक्ताची गुठळी धरते आणि तिच्याखाली हाड झाकले जाऊन जखम भरत जाते. ही गुठळी निसटली किंवा विरघळली, की हाड उघडे पडते. याला दंतवैद्य ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. साध्या दाताच्या बाबतीत शंभरात एक ते पाच जणांना, तर खालच्या अक्कलदाढेनंतर त्याहून बऱ्याच अधिक जणांना हा त्रास होतो. त्याची खूण ठरलेली आहे. दोन दिवस बरे वाटून दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान वेदना एकदम वाढते, कानापर्यंत जाते आणि तोंडाला घाण वास येतो. या वेदनेवर पट्टीमागून पट्टी बदलत बसण्यात अर्थ नाही. खळगा धुऊन त्यात लवंगतेलातल्या युजेनॉलसारखे औषध भरावे लागते, आणि ते भरल्यावर अनेकांना तेथल्या तेथे उतार पडतो. आजीच्या लवंगेत तथ्य होते ते असे. मात्र घरीच उघड्या जखमेत लवंगतेल ओतणे किंवा ॲस्पिरिनची गोळी हिरडीला दाबून धरणे टाळावे. त्याने हिरडी भाजते.

ड्राय सॉकेटला तंबाखू मोठा हातभार लावतो. विडी ओढताना तोंडात निर्माण होणाऱ्या ओढीने गुठळी सुटू शकते, शिवाय निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. सोलापूर हे विडी वळणाऱ्या स्त्रियांचे शहर आहे. मिश्री लावण्याची सवयही घरोघरी खोल रुजलेली आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली, तरी मावा चघळणारे कमी नाहीत. दाताची कळ थांबवायला मिश्री लावणाऱ्या बाईला दात काढल्यावर निदान काही दिवस ती बंद ठेवा, असे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. हे सांगणे चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही.

पट्टी लावण्याची रीत अवघड नाही. दंड, छाती किंवा पाठीवरची केस नसलेली, जखम वा पुरळ नसलेली जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेल, पावडर लावू नये. पट्टी तळहाताने दाबून बसवावी, कापून अर्धी करू नये आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नये. दुसऱ्या दिवशी जागा बदलावी. खाज सुटली, कातडी लाल झाली तर पट्टी काढून जागा धुवावी. गालावर ती लावू नये, कारण तेथून खळग्यापर्यंत औषध पोहोचेल असा आधार नाही, आणि दाढीच्या केसांवर ती टिकतही नाही. चटणीबरोबरची कडक भाकरी काही दिवस बाजूला ठेवून ताकभात, मऊ खिचडी खावी आणि पाणी भरपूर प्यावे. पेय नळीने ओढून पिऊ नये. त्यानेही विडीसारखीच ओढ बसते.

सूज गळ्याकडे उतरत असेल, तोंड उघडेनासे झाले, गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला, ताप चढला किंवा दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वेदनाशामक औषध अंगात असताना ताप आणि कळ दोन्ही दबलेली राहतात. म्हणून पट्टी लावलेल्या रुग्णाची सूज रोज आरशात पाहणे आवश्यक आहे.

काढलेल्या पट्टीत औषध शिल्लक असते. चिकट बाजू आतल्या आत दुमडून ती मुलांच्या आणि पाळीव जनावरांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी, आणि हात साबणाने धुवावेत. न वापरलेल्या पट्ट्या उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या कपाटात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नयेत.